शहराच्या नकाशात आपली वस्ती

दरवर्षी जून महिना उजाडला की मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुलामुलींचे लोंढे लातूर आणि नांदेड या दोन शहरांकडे निघतात. आपल्या समाजातील पालकही रोजंदारीचे चार पैसे गाठीला बांधून मुलाला इथे आणून सोडतात. महाविद्यालयात प्रवेश मिळतो आणि गुणवत्तेवर मिळतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्याच संध्याकाळी खोलीचा शोध सुरू होतो आणि तिथे गुणपत्रिका कामाला येत नाही. आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, गावात घर कोणत्या बाजूला असे आडून विचारले जाते. भाड्याचे तर बोलूच नये.

खोलीचा हा प्रश्न घरमालकाच्या मनोवृत्तीचा आहे असे आपण समजत आलो. काही अंशी तो तसा आहेही. पण शहरात खोल्या किती होतील, कुठे होतील, आपली वस्ती जागेवर राहील की उठेल, मुलींच्या वसतिगृहाला जागा मिळेल की नाही, यावर परिणाम करणारा एक कागद महापालिकेत असतो. त्याला विकास आराखडा म्हणतात. बोलण्यात सगळे डी. पी. म्हणतात. आपल्या बैठकांतून शिष्यवृत्ती, आरक्षण, नोकरी यांवर तासन् तास चर्चा होते, डी. पी.चा विषय मात्र क्वचितच निघतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांना आणि विशेषतः विद्यार्थ्यांना हा विषय समजावून सांगावा असे आम्ही योजले आहे.

शिक्षणाने वाढलेली दोन शहरे

लातूर ही मुळात व्यापाराची पेठ. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला शहर आखून वसवता येते हे वेगळे सांगावे लागत नाही. १९६१ साली दयानंद शिक्षण संस्था आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. पुढे दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावे झळकू लागली, ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर गेला, आणि आता वैद्यकीय-अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षांसाठी मुले येतात. उद्योग भवनाचा परिसर शिकवण्यांनी भरला. नावात तेवढा उद्योग राहिला. लोक त्या भागाला सरळ ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात.

नांदेडची गोष्ट थोडी निराळी. १९५० साली पीपल्स कॉलेज, १९६३ साली यशवंत महाविद्यालय, १९८१ साली विष्णुपुरीचे गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. म्हणजे ज्या नावासाठी समाजाने सोळा वर्षे किंमत मोजली ते नाव विद्यापीठाला मिळाले आणि त्याच वर्षी नांदेड, लातूर, परभणी हे जिल्हे त्या विद्यापीठाच्या कक्षेतून बाहेर पडले. हा योग आपल्या कार्यकर्त्यांना तेव्हाही खटकला होता. २६ मार्च १९९७ रोजी नांदेड आणि वाघाळा मिळून महानगरपालिका झाली. लातूरची महानगरपालिका २०११ साली. २०११ च्या जनगणनेत नांदेड-वाघाळ्याची लोकसंख्या साडेपाच लाख आणि लातूरची पावणेचार लाखांहून अधिक भरली.

महाविद्यालये आली की जमिनीचे गणित बदलते. एका कुटुंबाला दोन खोल्या भाड्याने देण्यापेक्षा त्याच खोल्यांत सहा कॉट टाकून ‘कॉट बेसिस’वर मुले ठेवली तर मालकाला जास्त पैसे मिळतात. राहण्यासाठी मंजूर झालेल्या प्लॉटवर वर वसतिगृह, खाली मेस, समोर रस्त्यावर दुचाक्यांची रांग. पाण्याचा आणि मलनिस्सारणाचा भार त्याच गल्लीवर. दर वाढतात, आणि ज्या हमालांनी, धुणीभांडी करणाऱ्या बायांनी, बांधकाम मजुरांनी हे शहर उभे केले ते एकेक रस्ता मागे सरकत हद्दीबाहेर जातात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. शहर किती माणसे पोसू शकेल हा हिशेब आधी झाला नाही तर काय होते हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले. ज्याच्या घरी बोअर आणि टाकी होती त्याने टँकर विकत घेतला. पत्र्याच्या खोलीतल्या माणसाने घागर घेऊन रात्र काढली.

आपण इथे कसे आलो

आपल्या वस्त्या शहराच्या कडेला, नाल्यालगत, रेल्वे रुळाच्या बाजूला किंवा सरकारी जमिनीवर का आहेत, याचे उत्तर इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळाने माणसे गावाबाहेर काढली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर नांदेड, परभणी, औरंगाबाद जिल्ह्यांत गावोगावी आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. ज्यांची घरे गेली त्यांतील अनेकांनी पुन्हा त्या गावी घर बांधले नाही. शहरात आल्यावर जिथे कुणी हटकले नाही तिथे चार पत्रे उभे केले. बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर मत मांडले होते त्याचा अनुभव घेऊनच ही माणसे आली होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी पडीक सरकारी जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती वसविण्याची आणि त्यासाठी आयोग नेमण्याची मागणी केली होती. राहण्याची जागा हा नागरिकत्वाचा पाया आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

घर आणि जमीन यांचे नाते किती घट्ट असते याचे उदाहरण लांब शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. पुढे पूर्णतः उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या वेळी घराचा आकार कुटुंबातील माणसांवर ठरला नाही, मालकीच्या शेतीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि सात हेक्टरच्या वरच्यांना ७५० चौरस फूट. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. नव्या गावचा नकाशा मात्र जुन्या सातबाऱ्यावरूनच निघाला. आठ माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला २५० फूट आणि चार माणसांच्या बागायतदाराला ७५० हे त्या वेळच्या शासनाला वावगे वाटले नाही. नियोजनाचा कागद तटस्थ असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी या तीन आकड्यांकडे पाहावे.

आराखडा म्हणजे काय

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या विषयाचा मूळ कायदा. त्यानुसार नगरपालिका किंवा महापालिका आपल्या हद्दीचा आराखडा तयार करते. साधारण वीस वर्षांचा विचार त्यात असतो. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा तयार होतो, नंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देते.

यातील दुसरी पायरी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच कुणाचे लक्ष नसते. सध्याच्या वापराच्या नकाशात एखादी वस्ती घरे म्हणून दाखवली गेली तर पुढे तिच्यावर बगिचा, वाहनतळ किंवा अठरा मीटर रस्ता टाकताना अधिकाऱ्याला विचार करावा लागतो. ती जागा ‘रिकामी सरकारी जमीन’ म्हणून रंगवली गेली, तर कागदावर तिथे कुणी राहतच नाही. वस्तीत तीस वर्षे पंचशील ध्वज फडकत असेल, नकाशाला तो दिसत नाही.

प्रारूप नकाशात रंग असतात. राहण्याचा पिवळा पट्टा, शेतीचा हिरवा पट्टा हे शब्द आता प्लॉटच्या दलालांच्या तोंडीही बसले आहेत. हिरव्यातली जमीन पिवळ्यात गेली की तिची किंमत एका रात्रीत कित्येक पटींनी वाढते. म्हणून ज्यांची जमीन आहे ते वकील आणि वास्तुविशारद घेऊन सुनावणीला हजर असतात. याखेरीज आरक्षणे असतात. आपल्याला आरक्षण म्हटले की नोकरी आठवते, इथे अर्थ वेगळा. शाळा, दवाखाना, क्रीडांगण, वसतिगृह, दुर्बल घटकांची घरे अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा म्हणजे आरक्षण. ही जागा बहुधा खाजगी मालकीची असते आणि पालिकेने ती संपादन करायची असते. याच कायद्याचे कलम १२७ सांगते की, आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि तरीही जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीच्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालक दहा वर्षे बोटांवर मोजत असतो. ज्या वस्तीच्या मुलांसाठी तिथे शाळा व्हायची होती तिला असे आरक्षण होते हेही ठाऊक नसते.

नांदेडकरांनी आणखी दोन रेषा ओळखाव्यात. गोदावरीच्या काठाने पूररेषा आखलेल्या असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नाही. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की सखल वस्त्यांत पाणी शिरते हे खरे, आणि तिथल्या लोकांना सुरक्षित जागा मिळालीच पाहिजे. पण निळ्या रेषेचे कारण सांगून झोपड्या उठवायच्या असतील, तर ती रेषा त्याच काठावरच्या मंगल कार्यालयालाही लागू आहे की नाही, हे नकाशा उघडून विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

कागद नसलेले घर

वस्तीतली घरे कागदाच्या दृष्टीने दोन प्रकारची. पहिला प्रकार सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवरील. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्ती घोषित असेल तर काही संरक्षण मिळते. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला ते कायद्याने दिले आहे. ‘सर्वांसाठी घरे’ या धोरणात शासनाने सरकारी जमिनीवरील राहत्या घरांना नियमित करण्यासाठी १ जानेवारी २०११ पूर्वीपासूनचे वास्तव्य ही कसोटी ठेवली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारला जातो: तुम्ही त्या तारखेपूर्वी इथे होता हे दाखवा. घरपट्टीची पावती मालकी देत नाही, पण वास्तव्य सिद्ध करते. जुनी मतदार यादी, वीजबिल, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता यांचीही तीच किंमत आहे. हे कागद पत्र्याखाली भिजू देऊ नयेत. विहारात कपाट असेल तर एक खण यासाठी ठेवावा आणि प्रत्येक घराची झेरॉक्स फाईल तिथे असावी.

दुसरा प्रकार गुंठेवारीचा. शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे जमीन बाँड पेपरवर लिहून घ्यायची, नोटरी करायची आणि घर बांधायचे. आपल्यातल्या शिक्षकांनी, शिपायांनी, एस. टी.च्या कामगारांनी आयुष्यभराची बचत अशा प्लॉटांत घातली आहे. रेखांकन मंजूर नाही, रस्ता नाही, गटार नाही, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे खरेदीखतही होईना. २००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला. तो आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्लॉटांना लागू होता, २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तुकडेबंदीची अटही शासनाने २०२५ साली शहरी भागांपुरती सैल केली. शुल्क भरून प्लॉट नियमित होऊ शकतो. मात्र तो आरक्षणात किंवा आराखड्यातल्या रस्त्यात येत असेल तर अडचण कायम राहते. म्हणून प्लॉट घेण्यापूर्वी शंभर रुपयांच्या बाँडवर विसंबू नये, नगररचना विभागातून झोन दाखला काढावा. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीची नमुना नंबर आठची नोंद दाखवून दलाल गळ घालतात. ती कर आकारणीची नोंद असते, मालकीचा पुरावा नसतो.

या कागदांवाचून योजनाही हाती लागत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, शहरी भागात तिचे अनुदान अडीच लाख रुपये. पण घर स्वतःच्या जागेवर बांधायचे असते. जागा ज्याच्याकडे नाही त्यालाच घराची निकड सर्वांत जास्त, आणि नेमका तोच यादीतून गळतो. नांदेडला याच्या उलट उदाहरणही आहे. २००५ च्या अखेरीस सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेडची निवड झाली, २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या तयारीत शहराचे रस्ते-पूल झाले, आणि त्याच योजनेच्या गरिबांसाठीच्या भागातून अनेक वस्त्यांत आहे त्याच जागी पक्की घरे बांधण्यात आली. कामाच्या दर्जाविषयी तक्रारी असतील, त्या असाव्यातही. परंतु माणूस जिथे राबतो तिथून त्याला दहा किलोमीटर दूर नेऊन टाकले नाही, ही गोष्ट लहान नाही.

विद्यार्थ्यांची खोली आणि विहाराची जागा

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयात जिल्ह्याच्या ठिकाणासाठी वर्षाला ४३,००० रुपये धरले: भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. म्हणजे खोलीसाठी महिना एक हजार. एवढ्यात ट्यूशन एरियात कॉट मिळते का, हे वाचकांनीच सांगावे. योजनेचा लाभ जरूर घ्यावा. ज्यांनी ती मिळवून दिली त्यांचे ऋण आहेच. तथापि रोख रक्कम देऊन खोली बाजारातून शोधायला लावली की आडनाव विचारणारा दरवाजा पुन्हा आडवा येतो. वसतिगृहाची इमारत तो प्रश्न विचारत नाही. इमारतीला जमीन लागते आणि जमीन आराखड्यातच राखून ठेवता येते. मिलिंद महाविद्यालय उभे करताना बाबासाहेबांनी औरंगाबादेत विस्तीर्ण जागा घेतली आणि वसतिगृहांचाही विचार त्याच वेळी केला, हे या संदर्भात आठवते.

विहारांचा प्रश्न नाजूक आहे, तरी बोलले पाहिजे. अनेक वसाहतींत विहार रेखांकनातील खुल्या जागेवर उभे आहेत. मंजूर रेखांकनात ठराविक टक्के जागा सर्व प्लॉटधारकांसाठी मोकळी सोडावी लागते आणि तिच्या थोड्याच भागावर, ठराविक कामांसाठी बांधकाम चालते. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकामांना मनाई केली. राज्याने ५ मे २०११ रोजी त्याविषयी शासन निर्णय काढला. सर्व धर्मांच्या वास्तूंना हे लागू आहे, पण कारवाईच्या यादीत दुबळ्यांची नावे आधी येतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यामुळे नवीन विहाराचा संकल्प करताना देणगीची पावती पुस्तके छापण्याआधी जागेचा प्रकार तपासावा, न्यासाची नोंदणी करावी आणि अभ्यासिका, वाचनालय यांसह रीतसर बांधकाम परवानगी मागावी.

कुणाला विचारायचे

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असे ती सांगते. नांदेड आणि लातूर दोन्ही त्यात बसतात. प्रत्यक्षात २०२२ साली दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत राहिले. नगरसेवक नाही म्हणून वस्ती गप्प बसली, असे त्या काळात बऱ्याच ठिकाणी झाले. हरकत नोंदविण्यासाठी नगरसेवक लागत नाही. शहरातला कोणीही ती देऊ शकतो. भाडेकरू देऊ शकतो, वसतिगृहातली मुलगीही देऊ शकते.

मागण्या कोणत्या असाव्यात यावर संस्थेत मतभेद आहेत. काहींना वाटते वस्ती आहे तिथेच नियमित व्हावी एवढाच आग्रह धरावा. आम्हाला ते अपुरे वाटते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या रेखांकनात वीस टक्के लहान प्लॉट किंवा घरे अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद आहे, पण ती दहा लाखांवरच्या शहरांसाठी. नांदेड-लातूरचा बिल्डर त्यातून मोकळा आहे. शिक्षणासाठी सबंध विभागाची मुले जिथे येतात त्या शहरांना ही अट लोकसंख्येच्या आकड्यावरून वगळावी, हे आम्हाला पटत नाही, आणि शासनाकडे ते लेखी मांडले पाहिजे. जागेवर नियमितीकरण आणि नव्या रेखांकनात वाटा, दोन्ही मागावे.

हरकतीचा अर्ज साधा असतो. आराखड्याची नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते, मुदत तिच्यातच छापलेली असते. नकाशा पालिकेत पाहायला खुला असतो. दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात प्रत मागावी. अभियांत्रिकी आणि विधी शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी एक रविवार काढून वस्तीची मोजणी करावी, घरांची संख्या आणि गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून काढावा. अर्जात तो नंबर, नकाशावरील आरक्षणाचा क्रमांक, वस्ती किती वर्षांची आहे आणि नेमका काय बदल हवा, हे चार-पाच ओळींत लिहावे. घोषणा लिहू नयेत. घोषणांवर सुनावणी होत नाही. एका अर्जावर दोनशे सह्या करण्यापेक्षा दोनशे स्वतंत्र अर्ज द्यावेत, कारण प्रत्येक अर्जदाराला म्हणणे मांडायची संधी मागता येते. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नये. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच क्रमांकाने चालतो.